परक्या हाकेला ओ

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण मी यात पदरचं काही घातलेलं नाही. हे माझ्या सख्ख्या आतेभावाबरोबर घडलंय, आणि तो आत्ताही पलीकडच्या खोलीत बसलाय.

त्याला आम्ही तारदादा म्हणतो. खिशात कायम वायरचे तुकडे. एका मोठ्या हॉस्पिटलात तो कॉम्प्युटरचं काम बघायचा.

रविवार होता. भरदुपार. भुताखेतांना रात्रच लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी नीट ऐका.

त्या दिवशी दादाला सुट्टी होती, पण तो हॉस्पिटलातच होता. माझी आत्या, म्हणजे त्याची आई, तिथे तिसऱ्या मजल्यावर ॲडमिट होती. हृदयाचं दुखणं. डॉक्टरांनी जवळजवळ हात टेकले होते. वडील दादाच्या लहानपणीच गेलेले. त्याला जगात तीच एक.

लॅबमधल्या बाई दारात आल्या.

"अरे, तळघरातलं रिपोर्टचं मशीन अडलंय. पेशंट खोळंबलेत. बघतोस का जरा?"

दादा आईकडे बघायला लागला.

"जा रे," आत्या म्हणाली. "मी कुठे पळून जातेय? आलास की एक सांगायचंय. फक्त तुलाच."

"मग आत्ताच सांग ना."

"आधी ते उरकून ये. नाहीतर अर्धं लक्ष तुझं त्या वायरीत."

तो गेला.

लिनक्सवर चालणारं जुनं मशीन. पंखा घरघरत होता. नेटवर्क कार्डाचा हिरवा दिवा लागलेला, म्हणजे तार धड होती. दादानं गेलेल्या-आलेल्या निरोपांचे आकडे काढून बघितले. मशीन बाहेर धडाधड पाठवत होतं. आणि आत येत होतं...

शून्य.

तार बदलली. शून्य. भिंतीतली जोडणी बदलली. शून्य. कार्ड काढून, पुसून परत बसवलं. कार्ड चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, उतरवून चढवला. फायरवॉल बंद केली. ये रे माझ्या मागल्या.

"बोलतंय भरपूर, पण बहिरं आहे," तो म्हणाला.

"आमच्या साहेबांसारखं," बाई म्हणाल्या.

दादा हसला. ते हसणं शेवटचं.

मग त्यानं आपला लॅपटॉप जोडला. हे मशीन एवढं पाठवतंय तरी काय, ते बघायला. एकच प्रश्न होता. पुन्हा पुन्हा...

हा पत्ता कोणाचा? मला सांगा.

आता यात भिण्यासारखं काही नाही. कॉम्प्युटर एकमेकांना असेच शोधतात. एक हाक मारतो, ज्याचा पत्ता असेल तो ओ देतो. पण हॉस्पिटलातले सगळे पत्ते दादानंच वाटलेले होते, आणि हा पत्ता त्यात नव्हता. तो कुणाचाच नव्हता.

मग ते कुणाला शोधत होतं?

दादानं तसा विचार केला नाही. त्याच्या धंद्यातला कुणीच करणार नाही. कार्ड खरंच बहिरं आहे का, हे कळायला कुणीतरी ओ द्यायला हवी, एवढंच त्याला सुचलं. त्यानं तो पत्ता दोन मिनिटांपुरता आपल्या लॅपटॉपला दिला.

मशीननं विचारलं, हा पत्ता कोणाचा?

लॅपटॉपनं उत्तर दिलं... माझा.

पंखा थांबला.

आणि परत सुरू झाला.

शून्याचा एक झाला. हाका बंद पडल्या. शोधणाऱ्याला हवं ते सापडलं होतं.

"झालं बघा!" दादा वळून म्हणाला. बाईंचे ओठ हलले...

आवाज नाही.

पंख्याची घरघर ऐकू येत होती. जिन्यात कुणीतरी बादली सरकवली, तीही ऐकू आली. फक्त बाईंचं बोलणं नाही. स्क्रीनवर आकडा झाला दोन.

"काय म्हणालात?"

ओठ हलले. तीन.

तेवढ्यात सफाईवाली मावशी आत आली. "बाई, किल्ली कुठेय?" दादाला स्पष्ट ऐकू आलं. "खिडकीत ठेवलीय," बाई तिला म्हणाल्या. तेही ऐकू आलं. मग बाई त्याच्याकडे वळून बोलल्या.

काहीच नाही. चार.

दादानं तो पत्ता काढून टाकला. मशीनची तार उपटली. बाई घाबरून त्याला काहीतरी विचारत होत्या... तार हातात लोंबत होती, आणि आकडा वाढतच होता.

तो जिन्यानं वर धावला.

मी तेव्हा आत्यापाशी बसले होते. "दादा, काय झालं?" मी विचारलं.

"माझ्याशी बोलू नका!" तो ओरडला. "आपसात बोला!"

आम्हाला वाटलं, याचं डोकं फिरलं.

आत्याचा श्वास लागला होता. तिनं खुणेनं त्याला जवळ बोलावलं.

"आई, मला नको सांगूस. हिला सांग. तू हिला सांग, मी ऐकतो!" तो अक्षरशः हात जोडत होता.

आत्यानं मान हलवली. फक्त तुलाच, असं ती म्हणाली होती ना. तिनं त्याचं डोकं ओढून घेतलं आणि कानात बोलली. बराच वेळ. मला नुसती पुटपुट ऐकू आली. दादाच्या कानाला तिचा श्वास लागत होता. शब्द एकही नाही.

अंधार पडायच्या आत आत्या गेली.

कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. कान ठणठणीत. आम्ही त्याच्यासाठी कागदावर लिहिलं, तर त्याला कागद कोरा दिसतो. दुसऱ्या कुणासाठी लिहिलेलं तो घडाघडा वाचतो.

हॉस्पिटल ते मशीन भंगारात काढत होतं. दादानं ते घरी आणलं. आईचे शब्द त्यातच आहेत, असं तो म्हणतो. किती वेळा उघडलं, सगळं उलथंपालथं केलं. आकडा तेवढा सापडतो, आत काही नाही. नेटवर्कची तार कधीच जोडत नाही. तरी कुणी त्याला जेवायला हाक मारली की हिरवा दिवा लुकलुकतो. दिवा बघून तो उठतो. मी त्या खोलीत एकटी जात नाही.

मागच्या आठवड्यात मी आणि माझ्या आईनं ठरवून, त्या खोलीत जाऊन, त्याच्यासमोर गप्पा काढल्या.

"आत्या त्या दिवशी म्हणत होती," मी आईला म्हणाले, "की माझ्या पोराचं कल्याण होईल."

दादानं ऐकलं. ते त्याच्याशी बोललेलं नव्हतं ना.

"ती तुमच्याशी बोललीच नव्हती," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता.

"दादा, चुकलं माझं," मी म्हणाले.

हिरवा दिवा लुकलुकला. त्यानं तो बघितला, आणि कोण काय बोललं ते शोधत आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघत राहिला.