हिवरटाक्याचं स्टेशन

हिवरटाका स्टेशन हिवरटाक्यात नाही. ते बीडच्या अलीकडे मुरमाड माळावर आहे आणि गाव तिथून सहा किलोमीटर, डोंगराआड. नाव मात्र गावाने भांडून मिळवलं. ग्रामसभेच्या त्या ठरावावर सत्यमचीही सही होती.

फाल्गुनातल्या एका दुपारी घराला कुलूप लावून तो मोटारसायकलवर आईला आणायला निघाला. मंजुळाबाई ऊसतोडीवरून पाच महिन्यांनी परतत होती. कंबर धरली म्हणून टोळी सोडून एकटीच, पहिल्यांदाच रेल्वेने.

तो पोचला तेव्हा गाडी निघून गेली होती. फलाट रिकामा. बाहेर जायची वाट एकच, आणि तिच्यावरूनच तो आला होता. चहूकडे तापलेला माळ. झाड नाही, घर नाही.

फोन वाजला.

“माय, कुठं हायेस?”

“गावात. उन्हाचा कशाला निघालास? टेसनाच्या बाहीरच तर गाव हाय. लांब हाय, लांब हाय म्हून उगं भेव घातलंस.”

सत्यमने पुन्हा भोवती पाहिलं. “कोन्तं गाव?”

“आता माजं गाव मला वळखंना व्हय? ह्यो मारुतीचा पार. साखराबाई शेन्या थापाय लागलीय. लई वाळली बघ. हाक मारली तर मान वर करंना.”

शेजारची साखराबाई पौषात वारली होती. तोडीवरच्या माणसाला मयताची बातमी फोनवर देत नाहीत. रडायला फड सोडून येता येत नाही. सत्यमनेही दिली नव्हती.

“माय, कुनाशी बोलू नको. माघारी फीर. मी फलाटावर हाय.”

“कंबर मोडलीय माजी. घर आलं की हे.”

फोनमध्ये तिची पावलं ऐकू येत होती. मग पत्र्याच्या दाराची ओळखीची कुरकुर. किल्ली सत्यमच्या खिशात होती.

“आत जाऊ नको. माजी आन हाय तुला.”

पावलं थांबली.

“सत्यम,” ती हळू म्हणाली, “तू तर हितं उंबऱ्यात हुबा हायेस.”



तिकडे कोणीतरी विचारलं, “कुनाचा फोन हाय, माय?”

आवाज त्याचाच होता.

“काय की,” मंजुळाबाई म्हणाली. “मला माय म्हनतंय.”

आणि तिने फोन ठेवला.