रिबीन कुणी हलवली?

"डावीकडे!" प्रोफेसर ओरडला.

"अरे, पण रिबीन उजवीकडे आहे!" भिंगरी त्याच्याहून मोठ्याने ओरडली.

"असू दे ना! मी सांगतोय, डावीकडे!"

शेपूट दोघांच्या मध्ये उभा राहून एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. नऊ वर्षांच्या माणसाने अशा वेळी काय करायचं असतं, ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून त्याने खिशातून बिस्कीट काढलं आणि खायला सुरुवात केली.

कड्यावरच्या पायवाटेला इथे दोन फाटे फुटत होते. खाली समुद्र शांतपणे पसरला होता. सकाळचे नऊ वाजले होते, वारा मजेत होता आणि सहलीची पुढची तुकडी वळणापलीकडे दिसेनाशी झाली होती.

ही सहल मावशीची. म्हणजे मावशी गाईड. सकाळी कड्यावरून चालायचं, दुपारी किनाऱ्यावर डुंबायचं आणि जेवण झालं की पाऊस पडून पडून हिरव्यागार झालेल्या घनदाट जंगलात फिरायचं, असा दिवसभराचा बेत. भरभर चालणारे लोक मावशीबरोबर पुढे जायचे. सावकाश चालणारे मागून यायचे आणि ते चुकू नयेत म्हणून मावशीने वाटेवर नारिंगी रिबिनी बांधल्या होत्या. नियम सोपा होता. रिबीन ज्या बाजूला, त्या बाजूला वळायचं.

प्रोफेसर हा मावशीचा मुलगा. वय तेरा, चष्मा जाड, खिशात कायम वही. भिंगरी आणि शेपूट ही त्याची मावसभावंडं, सुट्टीला आलेली. भिंगरी बारा वर्षांची होती आणि एका जागी बसणं तिला जन्मात जमलेलं नव्हतं. शेपटाला शेपूट का म्हणत, हे तो भिंगरीच्या मागे किती अंतरावर चालायचा ते पाहिलं की लगेच कळायचं.

"हे बघ," प्रोफेसर म्हणाला, "नऊ दिवसांपूर्वी आईने सगळ्या रिबिनी पुन्हा बांधल्या, तेव्हा रिबिनींचं बंडल माझ्या हातात होतं. इथली रिबीन तिने डावीकडच्या झुडपाला बांधली. उजवी वाट पुढे काटेरी जाळीत जाऊन संपते!"

"मग ही रिबीन काय पायांनी चालत गेली?"

"तेच तर म्हणतोय मी!"

भिंगरीने वाकून रिबिनीकडे पाहिलं आणि ती एकदम गप्प झाली. भिंगरी गप्प झाली की काहीतरी गंभीर आहे असं घरातले सगळे समजतात.

"मावशी गाठ कशी मारते?"

"चपटी. दोन वेढे, वर गाठ. टोकं कात्रीने कापते."

"आणि ही बघ. बुटाच्या नाडीला मारतो तशी दोन पाकळ्यांची. त्या पाकळ्यांची वर आणखी एक गाठ! ही मावशीची नाहीच!"

प्रोफेसरने वही काढून गाठीचं चित्र काढलं. मग त्यांनी रिबीन डावीकडच्या झुडपाला बांधली आणि मागून येणाऱ्या, सहलीतल्या एका आजी-आजोबांना हात देऊन बरोबर घेतलं. या आजी-आजोबांना कसलीच घाई नव्हती. दर दहा पावलांवर ते समुद्र बघायला थांबत आणि दर वेळी नवा समुद्र दिसल्यासारखे खूश होत.

पुढच्या वळणावर मावशी भेटली. भिंगरीने तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तिला वाटलं, मावशी खूश होईल. पण मावशीचा चेहरा उतरला.

"म्हणजे पुन्हा चुकले मी," ती हळूच म्हणाली.

"अगं आई, मी होतो ना तुझ्याबरोबर!"

"राहू दे रे. मागच्या वेळीही मी असंच म्हणत होते, की मी बरोबर बांधली. बघायला गेले तेव्हा रिबीन चुकीच्याच झाडाला होती." तिने पुढे उभ्या असलेल्या सहल कंपनीच्या साहेबांकडे पाहिलं. "त्यांना कळू देऊ नका हं. आज ते त्याचसाठी आलेत."

भिंगरीला सगळं माहीत होतं. मागच्या सहलीत जंगलातल्या फाट्यावर मागची तुकडी चुकली होती आणि पाच माणसं चिखलात रुतली होती. कुणाला खरचटलंही नाही, पण तक्रार झाली आणि साहेबांनी मावशीच्या चुकीची चिठ्ठी ऑफिसच्या फळ्यावर लावली. आज साहेब स्वतः बघायला आले होते. आज पुन्हा कुणी चुकलं, तर ही वाट दुसऱ्या गाईडकडे जाणार होती आणि मावशी ऑफिसात फोन घेत बसणार होती. पंधरा वर्षं रानोमाळ फिरलेली मावशी खुर्चीत कशी बसेल, याचा विचारही भिंगरीला करवेना. आणि खरं सांगायचं तर, आपण मघाशी अर्धं मिनिट का होईना, मावशीच चुकली असेल असं मानलं, याची तिला भारी लाज वाटत होती.

"शोधायचंच!" ती दोघांना म्हणाली. "आजच्या आज!"

पहिला संशय सहलीच्या गाडीच्या ड्रायव्हरकाकांवर गेला. कारण काय, तर त्यांच्याकडे दोऱ्या असतात! किनाऱ्यावर पोचल्या पोचल्या शेपूट त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"काका, एक गाठ मारून दाखवा."

"कशाला रे?"

"शाळेचा प्रकल्प आहे," शेपूट म्हणाला. सुट्टी लागून आठवडा झाला होता हे काकांच्या लक्षात आलं नाही, हे त्याचं नशीब.

काकांनी टपावरच्या दोरीला अशी गाठ मारली की ती सोडवायला प्रोफेसरला दहा मिनिटं लागली.

"काका नव्हेत," तो घाम पुसत म्हणाला.

तोवर सगळी मंडळी पाण्यात शिरली होती. आजी पदर खोचून लाटांशी गप्पा मारत होत्या. भिंगरीलाही पाणी बोलावत होतं, पण तेवढ्यात तिची नजर दोरीकडे गेली.

या किनाऱ्यावर मावशीची एक शिस्त होती. वाळूत बूट काढून टाकले की ते हरवतात, भिजतात, एकमेकांचे पायात जातात. म्हणून प्रत्येकाने आपल्या जोडीच्या नाड्या एकमेकींना बांधायच्या आणि जोडी झाडाला ताणलेल्या दोरीवर टांगायची. आत्ता त्या दोरीवर बारा जोड्या वाऱ्यावर झुलत होत्या.

"प्रोफेसर!" भिंगरीने त्याचा हात गच्च धरला. "प्रत्येकाची गाठ आपल्यासमोर टांगलीय!"

तिघं बुटांच्या रांगेतून निघाली. एका जोडीला साधी गाठ. एकीला गाठच नाही, नुसता गुंता. आजोबांच्या बुटांना वेल्क्रो, म्हणून त्यांनी ते आजींच्या नाडीत अडकवले होते.

"शी! कसला वास येतोय!" शेपटाने नाक दाबलं.

"ते तुझेच बूट आहेत," प्रोफेसर म्हणाला.

शेवटून दुसरी जोडी काळी, चकचकीत होती. नाडीला दोन पाकळ्या होत्या आणि त्यांची वर आणखी एक गाठ. प्रोफेसरने वही शेजारी धरली. वहीतली गाठ आणि ही गाठ अगदी सारखी होती.

"कुणाचे बूट आहेत हे?" शेपटाने विचारलं.

उत्तराची गरज नव्हती. एवढे चकचकीत बूट घालून कड्यावर फिरायला येणारा माणूस एकच होता.

"साहेब?" भिंगरीचे डोळे मोठे झाले. "पण ते तर तपासायला आलेत!"

"परीक्षकच कॉपी करतोय!" शेपूट म्हणाला.

"थांबा," प्रोफेसर म्हणाला. "दोन माणसांची गाठ सारखी असू शकते. शिवाय त्यांनी असं का करावं? आईशी त्यांचं भांडण नाही. आपल्याला डोळ्यांनी बघायला हवं."

जेवणं झाली आणि सगळे जंगलात शिरले. बाहेर लख्ख ऊन होतं, आत मात्र संध्याकाळ झाल्यासारखा हिरवा अंधार. पानांवरून पाणी ठिबकत होतं. माणसं आपोआप हळू आवाजात बोलू लागली. मावशी पुढची तुकडी घेऊन गेली. आजी-आजोबा मागे राहिले, आणि साहेब गळ्यात कॅमेरा अडकवून आपल्या मर्जीने कधी मध्ये, कधी कडेला चालू लागले.

तिघं मुलं त्यांच्या मागावर होती. मोठाल्या झाडांची मुळं इथे भिंतींसारखी जमिनीवर उभी होती आणि लपायला त्याहून बरी जागा शोधून सापडली नसती.

मग तो फाटा आला. उजवी वाट धबधब्याकडे जायची आणि डावी चिखलाकडे. रिबीन उजवीकडच्या भल्यामोठ्या झाडाला होती. साहेब थांबले. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि लगेच खाली घेतला.

"छे! ही रिबीन मध्ये येते," ते स्वतःशीच पुटपुटले.

त्यांनी रिबीन सोडली, खांद्यावर टाकली आणि झाडाचे चार फोटो काढले. मग, माणूस शिस्तीचा असल्यामुळे, त्यांनी रिबीन परत बांधली. फक्त ती हाताशी आलेल्या पहिल्या फांदीला बांधली, आणि ती फांदी डाव्या वाटेवरची होती! दोन पाकळ्या केल्या, वर एक गाठ मारली आणि समाधानाने ते कसलासा बेडूक टिपायला झुडपांत शिरले.

"फोटोसाठी!" प्रोफेसरच्या तोंडून कसंबसं निघालं. "कंपनीच्या माहितीपत्रकासाठी ते फोटो काढतात! आत्ता आठवलं, मागच्या सहलीच्या आदल्या दिवशी ते इथे आले होते, आणि परवा कड्यावर!"

तेवढ्यात आजी-आजोबांच्या काठीची टकटक ऐकू आली. भिंगरी धावत गेली.

"आजी, आजोबा, पाच मिनिटं या मुळावर बसता का? एक गंमत दाखवते."

"गंमत असेल तर दहा मिनिटं बसू," आजोबा म्हणाले आणि ऐसपैस बसले.

साहेब झुडपांतून बाहेर आले. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. वाट काही त्यांना आठवेना. मग त्यांना नारिंगी रिबीन दिसली.

"हां!" ते म्हणाले आणि डावीकडे वळले.

भिंगरीच्या मनात चलबिचल झाली. चिखल गुडघ्याएवढाच होता, तरी मोठ्या माणसाला त्यात जाऊ द्यावं का? तिला राहवेना.

"साहेब!" तिने हाक मारली. "नीट बघून जा हं! वाट ती नाही!"

"अगं, रिबीन आहे ना!" साहेब मागे वळूनही न बघता म्हणाले. "रिबीन ज्या बाजूला, त्या बाजूला वळायचं. नियम म्हणजे नियम!"

वीस पावलं. तीस पावलं. आणि मग आवाज आला, "चपाक!"

प्रोफेसरने शिट्टी तीनदा फुंकली. जंगलात तीन शिट्ट्या म्हणजे 'गाईड, लगेच या'. मावशी धावत आली, तिच्या मागून बाकीची मंडळीही आली. गुडघ्यापर्यंत चिखलात उभे असलेले साहेब पाहून तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"ही रिबीन कुणी बांधली इथे?" साहेब गरजले. एका हाताने त्यांनी कॅमेरा डोक्यावर धरला होता.

मावशीने त्यांना काठी दिली, ओढून बाहेर काढलं आणि मान खाली घातली. "साहेब, माझीच..."

"मावशी, थांब!" भिंगरी मध्ये येऊन उभी राहिली. "माफी मागू नकोस! साहेब, आधी त्या रिबिनीची गाठ बघा. आणि मग तुमच्या बुटाची गाठ बघा."

साहेबांनी रिबीन पाहिली. मग वाकून बुटावरचा चिखल बोटाने पुसला. दोन पाकळ्या, वर एक गाठ.

"ही माझ्या आईने शिकवलेली गाठ आहे," ते गोंधळून म्हणाले. "आयुष्यात कधी सुटली नाही." मग ते थांबले. "पण मी रिबीन दर वेळी परत बांधतो की! फोटो झाला की लगेच!"

"परत बांधता," प्रोफेसर म्हणाला, "पण दुसऱ्या झाडाला!"

"आम्ही डोळ्यांनी पाहिलंय," शेपूट म्हणाला. "बेडकाच्या आधी!"

"आणि कड्यावरचीसुद्धा तुमचीच होती," भिंगरी म्हणाली. "मागच्या सहलीतलीही तुमचीच असणार."

साहेबांचा चेहरा लाल झाला. रिबीन म्हणजे त्यांच्या दृष्टीने एक नारिंगी चिंधी होती, इथे नाही तर तिथे. ती कुठे आहे यावरच सगळं ठरतं, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

मावशी खाली बसली, अगदी ओल्या पानांवर. "बाई गं," ती म्हणाली, "इतके दिवस मला वाटत होतं, माझे हातच दगा द्यायला लागले. रात्री झोप लागत नव्हती." तिने तिन्ही मुलांना जवळ ओढलं आणि ती रडता रडता हसायला लागली. भिंगरीचेही डोळे भरून आले, आणि शेपटाचेही, कारण भिंगरीचे आले होते.

"पोरं हुशार आहेत हो!" आजोबा मुळावरून म्हणाले. "आम्ही दोघंही चिखलात गेलो असतो. मला तर वर काढायला क्रेनच लागली असती!"

साहेब पुढे आले. "बाई, चूक माझी होती," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "मागच्या वेळीही आणि आजही. ही वाट तुमचीच आहे, आणि तुमचीच राहील." मग ते मुलांकडे वळले. "आणि तुम्ही तिघांनी आज मोठमोठ्या माणसांना जमलं नाही ते केलंत. शाबास! बोला, काय बक्षीस हवं?"

शेपटाने तोंड उघडलं. ते बिस्किटांसाठी उघडलं होतं, पण भिंगरीने त्याला कोपराने ढोसलं.

"आत्ता म्हणालात ना, ते लिहून द्या," ती म्हणाली.

साहेबांनी प्रोफेसरच्या वहीतलं पान घेतलं आणि तिथेच, झाडाला टेकून लिहिलं. खाली सही केली. मावशीने ते पान दोनदा वाचलं, घडी घातली आणि परत त्यांच्याच हातात दिलं.

"हे मला नको, साहेब," ती शांतपणे म्हणाली. "माझ्या चुकीची चिठ्ठी तुम्ही ऑफिसच्या फळ्यावर लावलीत. सगळ्यांनी वाचली. ही तिच्या जागी लावा."

साहेबांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. "लावतो. उद्या सकाळी पहिलं काम हेच. मी स्वतः लावतो."

"टाचणीने लावा हं!" शेपूट ओरडला. "बांधायला जाऊ नका!"

हसण्याचा असा काही आवाज उठला की वरच्या फांद्यांवरून पाखरं उडाली. सगळ्यात मोठ्याने साहेब हसले, आणि सगळ्यात उशिरापर्यंत मावशी हसत राहिली.