चौथी तार

सांगते, पण मलाच ते अजून नीट कळलेलं नाही. तेव्हा मध्येच 'म्हणजे काय' असं विचारू नका.

यांना दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात न्यायचं होतं. महिनाभर अंथरुणाला खिळलेले, आवाज पार बसलेला. हाक मारायची तर पलंगाच्या कडेवर चमचा वाजवायचे. आडवं नेता येईल अशी एकच गाडी होती, सासऱ्यांची, लांबरुंद मागच्या सीटची. पण ती बॅटरी चार्ज करेना. मध्यंतरी बसवलेला नवा अल्टरनेटर जळला होता. म्हणून भाऊजींनी, माझ्या धाकट्या दिरांनी, गॅरेजच्या माळ्यावरून तिचा मूळचा अल्टरनेटर खाली काढला.

दुपार होती. पण गॅरेजला खिडकी एकच, तीही स्वयंपाकघरात उघडणारी. आत जुन्या तेलाचा, रबराचा आणि कुठेतरी उंदीर मेल्याचा वास. मी टॉर्च धरून उभी होते.

"वहिनी, उजेड तारांवर पाडा, माझ्या टकलावर नको."

"तेच जास्त चमकतंय, मी काय करू?"

भाऊजी हसले. आताच्या अल्टरनेटरचं डोकं त्याच्या पोटातच असतं, ते सांगू लागले. याचं डोकं मात्र वेगळं, इंजिनमागच्या पत्र्यावर बसवलेला काळा डबा. रेग्युलेटर. "किती द्यायचं हे याला स्वतःला कळत नाही. डबा सांगेल तेवढंच देतो. आपल्या दादासारखा, बायको सांगेल तेवढंच."

डब्याखालचा गंज त्यांनी घासून काढला. एक जाड तार लावली, एक गाडीच्या बॉडीला, एक किल्लीकडून आलेली. चौथी बारीक होती, डब्यातून अल्टरनेटरला जाणारी. ती त्यांनी खुपसली आणि डब्यात टक् असा आवाज झाला.

किल्ली माझ्या मुठीत होती. तरी स्टीअरिंगसमोरच्या करंटच्या मीटरचा काटा सावकाश डावीकडे कलला, उणेकडे.

"अगं, ऐकतेस का?"

हाक आतून आली. स्पष्ट, भरदार, पूर्वीसारखी. मी टॉर्च तिथेच टाकून धावले. हे उशीला टेकून बसले होते. गालांवर रंग होता. "भूक लागलीय," म्हणाले. मला हसावं की रडावं कळेना. आणि तेवढ्यात, बोलता बोलताच, त्यांचे डोळे मिटले. हात धरला तर बर्फासारखा.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी आले. "भाऊजी, तुम्ही काही केलंत का?"

"चौथी तार काढली. काटा का हलतोय ते बघत होतो... काय झालं?"

"परत लावा."

"अहो पण..."

"लावा म्हणते ना!"

टक्. आतून यांच्या खोकल्याचा आवाज आला. मग, "अगं, गेलीस कुठे?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. भाऊजींनी हळूच तार काढली. आत शांतता. लावली. आत हे स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होते.

"योगायोग असेल, वहिनी." बोलताना त्यांनी पुन्हा तार चिमटीत धरली.

"राहू दे तशीच."

"तसं नाही. काटा उणेकडे आहे म्हणजे गाडीतून काहीतरी बाहेर जातंय. दादाला मिळतंय, असं धरू. पण मीटरच्या तारा मी मघाशी काढून लावल्यात. उलट्या लागल्या असतील, तर... बाहेर जात नाहीये. आत येतंय."

"कुठून?"

भाऊजी खिडकीतून आत पाहत राहिले.

म्हणजे ती तार यांना जगवत होती, की यांचं उरलंसुरलं ओढून घेत होती? मरणारा माणूसही कधी कधी शेवटी असाच टवटवीत होतो म्हणतात. लावावी तर भीती, काढावी तर भीती.

"एक करता येईल," भाऊजी म्हणाले. "हेडलाइट लावू. इंजिन बंद असताना दिवे बॅटरीवरच जळतात, तेव्हा काटा उणेकडेच जायला हवा. गेला तर मीटर बरोबर. अधिककडे गेला तर उलटा."

त्यांनी बटण ओढलं. समोरच्या भिंतीवर दोन पांढरेशुभ्र गोल उमटले. काटा मधोमध येऊन थांबला. ना इकडे, ना तिकडे.

भाऊजी बॅटरीपाशी वाकले. बराच वेळ वर आलेच नाहीत.

"वहिनी..."

"काय?"

"बॅटरीची तार... मी सुरुवातीलाच काढून ठेवली होती. लावायची राहिलीय. ही बघा, खाली पडलीय."

दिवे जळतच होते. त्यांचा हात बटणाकडे गेला.

"हात लावू नका," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हे दवाखान्यात भाड्याच्या गाडीने गेले, ताठ बसून. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचले आणि आणखी काही विचारलं नाही. आता हे हिंडतात, फिरतात, माझ्याशी भांडतातसुद्धा. बॅटरी भाऊजींनी केव्हाच भंगारात दिली. त्यानंतर ते गॅरेजमध्ये पाऊल टाकत नाहीत. चौथी तार लावलेलीच आहे, हेडलाइटचं बटण तसंच ओढलेलं आहे, आणि दाराखालून उजेडाची पट्टी अंगणात पडते. यांना मी काही सांगितलेलं नाही.

आज सकाळी हे दारात उभे राहून म्हणाले, "आज एवढं ढगाळ का गं?"

बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

दिवे तसेच जळताहेत का ते बघायला मी अजून गॅरेजकडे गेलेले नाही.