दगड गप्प बसेना

दगड बोलतात याचं रेम्बाला नवल नव्हतं. त्यावर तर तिचं पोट भरत होतं. मिरी शहरातल्या त्या थंडगार प्रयोगशाळेत समुद्राखालच्या तेलविहिरीतून कापून आणलेली दगडाची दांडी दोन पोलादी चकत्यांमध्ये ठेवायची, भार वाढवत न्यायचा आणि यंत्राच्या कानानं ऐकायचं. दगडाला आठवण असते. जमिनीखाली जेवढा भार त्यानं सोसलेला असतो, तेवढा पुन्हा येईपर्यंत तो गप्प राहतो. त्यापुढं गेलं की आत बारीक तडे जातात, तडतड सुरू होते. त्यावरून विहिरीची भिंत किती सोसेल ते कळतं.

"माणसांपेक्षा बरे," सोबतचा हॉक सेंग म्हणायचा. "आमची ही तर भार पडायच्या आधीच तडतडते."

रेम्बाचा नवरा बेलायोंग तडतडणारा नव्हता. तडतडायला माणूस घरी तर असायला हवा! भर समुद्रातल्या तेलाच्या फलाटावर दांड्या उतरवून घेणं हे त्याचं काम. आत चीर आहे का बघायला प्रत्येक दांडीवर बोटाच्या पेरानं ठोकायचा. दोनदा, थांबून एकदा. घरी आला की दारावरही तेच. रेम्बा आतून एकदाच ठोकायची, मग कडी काढायची. तो आत येऊन टेबलावर एक कोपर टेकायचा, मग दुसरं, आणि मग म्हणायचा, "वाढ."

गेल्या वादळी मोसमात विहिरीची भिंत ढासळली, वायू उसळला आणि बेलायोंग समुद्रात गेला. सापडला नाही. पुरायला काही नाही, म्हणून गावाकडच्या लाँगहाउसमधल्या, सगळ्या गावाच्या त्या एकाच लांबलचक घरातल्या, सासूबाईंनी सुतकही सोडू दिलं नव्हतं.

त्याच विहिरीतली, त्याच्या शेवटच्या पाळीत वर आलेली दांडी आज यंत्रात होती. शेजारी नवी विहीर खणायला माणसं फलाटावर पोचली होती. रेम्बाचा आकडा गेला की काम सुरू.

भार अजून दिलाच नव्हता.

टक टक. टक.

"हॉक, तारा बघ जरा."

"तारा ठीक आहेत, काक. तुम्ही जेवला नाहीत, म्हणून कानात वाजतंय. कोलोमी नूडल्स मागवू?" मोठ्या बहिणीला म्हणावं तसं तो तिला काक म्हणायचा.

"तुला नाही ऐकू आलं?"

हॉकनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. "आलं," तो म्हणाला.

टक टक. टक.

मेलेल्यानं हाक मारली तर ओ द्यायची नाही, हे रेम्बाला चालायच्या आधी शिकवलं होतं. तिनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. ज्या आवाजासाठी ती जेवता जेवता उठून दाराशी जायची, तो आता हातभर अंतरावर होता. दगड फोडला नाही तर तो राहील. कपाटात ठेवता येईल. रोज ऐकता येईल.

"दुसरी दांडी नाहीच का रे?"

"एवढीच वाचलीय." हॉकनं आवाज खाली आणला. "काक, खराब निघाली म्हणून कळवू? कोण बघायला येतंय?"

"मग ते काय करतील?"

"अंदाजानं खणतील. मागच्यासारखं."

रेम्बानं हात मांडीखालून काढला आणि भार वाढवला.

टकटक थांबली.

दगड बराच वेळ गप्प राहिला. त्याचा भार आला तेव्हा तडतडला, कुठल्याही दगडासारखा. मग फुटला.

हॉक फोनवर आकडा सांगू लागला. पलीकडं कुणीतरी मोठ्यानं हसलं. जिवंत माणसांचं हसणं. रेम्बानं तुकडे गोळा केले. ब्रशनं चकती झाडली. भुकटी झटकायला, रोजच्या सवयीनं, ब्रश चकतीच्या कडेवर ठोकला.

एकदा.

हात तिथंच राहिला.

रिकाम्या चकतीवर भाराचा काटा शून्यावरून किंचित वर चढला.

"शून्य सरकलं वाटतं," फोन ठेवत हॉक म्हणाला. "परत लावू?"

"नको."

तिनं खुर्ची जवळ ओढली. काटा आणखी तेवढाच चढला. दुसरं कोपर टेकल्याइतका.