पटावरची विसावी

चाकणहून येणारी रिक्षा उंबरटाक्याच्या फाट्यावर सोडते. तिथून शाळेपर्यंत अकरा मिनिटं चालावं लागतं. भाग्यश्रीबाई ओव्हाळ तीन वर्षं ही वाट रोज चालत होत्या. उजव्या हाताला पत्र्याच्या कुंपणामागे कंपनीचं गोदाम, डाव्या हाताला इकबालभाईंचं गॅरेज, पुढे कामगारांच्या चाळी, आणि चाळींच्या वेढ्यात सापडलेलं चाळीसेक घरांचं जुनं गावठाण. त्याच्या टोकाला झेडपीची शाळा. खोली एक, व्हरांडा एक, पहिली ते चौथी मिळून वीस मुलं आणि शिकवायला एकट्या बाई.

जानेवारीत सरपंच जयसिंगराव शाळेत आले. गाव लवकरच महापालिकेत जाणार होतं.

“गाव गेल्यावर नुसता वॉर्ड नंबर उरंल, बाई. त्याच्या आधी गावाचा इतिहास लिहून काढा. पुस्तक छापू.”

“लिहीन. पण ऐकीव काही घालणार नाही. कागदावर सापडेल तेवढंच.”

“गावात कागद कुठला?”

“शाळेत आहे,” बाई म्हणाल्या.

खरंच होतं. लोखंडी कपाटात १९५८ सालापासूनची हजेरीपत्रकं होती. बाई रोज मधल्या सुट्टीत दहा-बारा काढून वाचू लागल्या. गाव कसं वाढलं ते त्या रकान्यांत स्वच्छ दिसत होतं. पहिल्या साली एकतीस मुलं आणि सगळ्यांत मिळून आडनावं चार. बहात्तरच्या दुष्काळानंतर खडी फोडायला आलेल्यांची मुलं. चौऱ्याण्णवला तळं बुजवून कंपनी आली, तशी लातूर-नांदेडकडची नावं, मग बिहारकडची. दोन हजार आठ साली पट चौऱ्याऐंशी. पुढे फाट्यावर इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बस थांबायला लागल्या आणि पट ओसरत ओसरत विसावर आला.

सहाव्या दिवशी बाईंच्या लक्षात आलं, की पहिलीच्या यादीत शेवटचं नाव दरसाल एकच आहे. सोजर चिमाजी. राहणार तळ्याकाठ.

आधी त्यांना वाटलं, एका घरात आजीचं नाव नातीला ठेवतात, तसं असेल. पण नाव १९५८ ला होतं, ५९ ला होतं, ६० लाही होतं. दरसाल पहिलीतच. मास्तर बदलले, अक्षर बदललं, दौतीची शाई जाऊन बॉलपेन आलं, तळं गेलं. सोजर तळ्याकाठीच राहत होती आणि एक दिवसही गैरहजर नव्हती.

बाईंनी खिचडी शिजवणाऱ्या गोजाबाईंना विचारलं. गोजाबाईंचा जन्म गावठाणातला, वय सत्तरीच्या पुढचं.

“तळ्याकाठी कोण राहायचं, गोजाबाई?”

“कोण न्हाई. तळं हुतं तवा बी कोण ऱ्हात नव्हतं. दलदल हुती समदी.”

“आणि चिमाजी नावाचं कोणी?”

गोजाबाईंनी पातेल्यावर झाकण ठेवलं. “न्हाई. आमी तर न्हाई ऐकलं.”

संध्याकाळी फाट्यावर बाई गॅरेजपाशी थांबल्या. इकबालभाई याच शाळेत शिकलेले. नाव ऐकताच ते हसले.

“सोजर? होती ना. खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर. सत्त्याऐंशी साली माझ्याच वर्गात होती.” मग पाना पुसता पुसता त्यांचा हात मंदावला. “आमची आलियाही सांगायची. सोजर आज माझ्याजवळ बसली, सोजरने माझी पेन्सिल घेतली. आलिया पहिलीत होती ती दोन हजार बाराला.”

महामार्गावरून कंटेनर एकामागे एक जात होते.

“मी या दोन गोष्टी कधी एकत्र धरल्या नव्हत्या, बाई,” इकबालभाई म्हणाले. “पुस्तकात घालू नका हे.”

दुसऱ्या दिवशी बाईंनी स्वतःची तीन वर्षांची हजेरीपत्रकं काढली. त्यांना ती काढायची नव्हती, म्हणूनच त्यांनी आधी ती काढली. तिन्हींत नाव होतं. त्यांच्याच अक्षरात, त्यांच्या वळणाच्या ‘ज’सकट. त्यांनी वर्गात जाऊन मुलं मोजली. एकोणीस. खिडकीजवळचा शेवटचा बाक रिकामा होता. तीन वर्षं दर महिन्याला त्या ‘पट वीस’ असं कळवत आल्या होत्या, आणि तसं लिहिताना त्यांचं मन एकदाही अडखळलं नव्हतं.

याच आठवड्यात तालुक्याहून पटपडताळणीचं पत्र आलं. विसाच्या आत पट असलेल्या शाळा बंद होणार होत्या. बंद झाली तर या एकोणीस जणांना महामार्ग ओलांडून पलीकडच्या शाळेत जावं लागणार होतं. त्या रस्त्यावर मोठी माणसंसुद्धा जीव मुठीत धरून पळत.

भाग्यश्रीबाईंचे वडील नागसेन पिंपरीच्या कारखान्यात तीस वर्षं तपासनीस होते. माप चुकलेला नग त्यांनी कधी पुढे जाऊ दिला नाही. बाई त्यांचीच लेक. त्यांनी ठरवलं, खोटं नाव काढायचं आणि त्या जागी खरं मूल आणायचं. तीन रविवार त्या चाळीचाळींतून फिरल्या. दारं उघडली, चहा मिळाला, मूल मिळालं नाही. कोणाचं इंग्रजी शाळेत होतं, कोणाचं गावी आजीकडे. पडताळणीच्या दिवशी सकाळी त्यांनी लाल पेनने सोजरच्या नावावर रेघ मारली आणि खाली सही केली. शाळेसाठी भांडायचं तर खऱ्या आकड्यावर भांडायचं.

साडेअकराला विस्तार अधिकारी रुक्साना मुजावर आल्या. तरुण, शिस्तीच्या. मुलांना त्यांनी जागेवरच बसायला सांगितलं आणि प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवत, पुटपुटत मोजायला सुरुवात केली. एकोणिसाव्या मुलापाशी त्या थांबतील म्हणून बाई बघत होत्या.

त्या थांबल्या नाहीत. खिडकीपाशी गेल्या, हात पुढे केला, टेकवला.

“वीस.”

परत येताना त्यांनी पर्समधून रुमाल काढला आणि तळहात पुसला. “केवढं तेल लावतात हो हिच्या डोक्याला.”

 मॅडमनी हजेरीपत्रक उघडलं.

“हे नाव का खोडलंय? मुलगी तर बसलीये.”

“कुठली, मॅडम?”

“ती काय.” त्यांनी बोट दाखवलं.

एकोणीस मुलांनी मागे वळून बघितलं. कोणी दचकलं नाही. शेजारच्या बाकावरच्या मुलीने आपलं दप्तर थोडं अलीकडे ओढून घेतलं.

बाई बाकापाशी गेल्या. लाकूड, खिडकीतून आलेलं ऊन, कोरलेली नावं. बाकी काही नाही.

 त्या टेबलाशी परत आल्या आणि हजेरी घ्यायला लागल्या. चौथीपासून, खाली पहिलीपर्यंत. एकोणीस वेळा ‘हजर’ आलं.

“सोजर चिमाजी.”

बाईंना काही ऐकू आलं नाही.

पण मुलं थांबली. ‘हजर’ म्हणायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच वेळ. मग सगळी पुन्हा समोर बघू लागली.

मुजावर मॅडमनी खूण केली आणि सही ठोकली. “चुकून खोडले, असं लिहा शेजारी.”

बाईंनी लिहिलं.

शाळा टिकली. उरलेलं वर्ष बाईंनी रोज वीस नावं पुकारली. विसाव्यानंतर त्याही तेवढा वेळ थांबू लागल्या. पाढे म्हणताना खिडकीकडे बघून एकदा जास्त म्हणू लागल्या. पुस्तकाचं काम थांबलं नाही. आणि मे महिन्यात निकालपत्रक करताना त्यांनी ते केलं, जे साठ-पासष्ट वर्षांत एकाही मास्तराने केलं नव्हतं. सोजरच्या नावापुढे ठळक अक्षरात लिहिलं : उत्तीर्ण. इयत्ता दुसरी.

“कुणाचं का असेना, लेकरू एवढी वर्षं एकाच वर्गात बसलंय,” त्या गोजाबाईंना म्हणाल्या. “यापुढे मी नाही बसवणार.”

गोजाबाईंनी पातेलं पालथं घातलं. “जागा रिकामी केलीत म्हना की,” एवढंच म्हणाल्या.

जूनमध्ये शाळा उघडली. नवं हजेरीपत्रक बाईंनी आदल्या दिवशीच भरून ठेवलं होतं. सकाळी त्यांनी दुसरीची यादी पुकारली, सोजरसाठी थांबल्या, मुलंही थांबली. बाईंना बरं वाटलं. मग त्यांनी पहिलीचं पान उलटलं.

पहिलीत चार मुलं दाखल झाली होती. यादीत पाच नावं होती.

पाचवं नाव ईरा. अक्षर बाईंचंच. राहणार : बी टॉवर, सतरावा मजला.

बाई व्हरांड्यात आल्या. चाळींच्या मागे क्रेन सावकाश वळत होती. बी टॉवरचं काम अकराव्या मजल्यापर्यंत आलं होतं.