मंथनचा डावा अंगठा

पहिल्याच दिवशी त्यानं मला आक्का म्हटलं, आणि पाच मिनिटांत स्वतःचा अंगठा कापून घेतला. दोन्ही गोष्टींचा मला सारखाच राग आला.

जांबोटी रस्त्यावर आमचा नेमबाजीचा क्लब आहे, तिथं मी शिकवते. मंथन वडगावचा विणकर. कॉलेजात असताना एनसीसीत रायफल चालवलेली, आता पिस्तूल शिकायला आलता. लहान सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल दिसायला खेळणं. पण गोळी सुटली की वरची स्लाइड सुरीसारखी मागं येते आणि वाटेत येईल ते कापते. म्हणून दोन्ही अंगठे डाव्या बाजूला, स्लाइडच्या खाली, पुढं तोंड करून ठेवायचे. हे मी सांगितलं, रिकाम्या पिस्तुलावर वीसदा करून घेतलं. तरी पहिल्याच गोळीला याचा डावा अंगठा मागून फिरून उजव्या हाताच्या बेचकीवर चढला. स्लाइडच्या बरोब्बर मागं.

पट्टी बांधताना मी तोंडाचा पट्टा सोडला. कान घरी ठेवून आलाय का, अंगठे काय शनिवारच्या बाजारात मिळतात का... बाहेर भुरभुर पाऊस लागलेला. तो नुसता माझ्याकडं बघत होता.

"दुखतंय का?" शेवटी मीच विचारलं.

"न्हाय. आक्का, तुम्ही रागावता जोरात, पण पट्टी लई हळू बांधता."

"आक्का म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"स्वरूपा मॅडम."

"बरं... मॅडम," म्हणत असा काय हसला, की माझी पट्टी वाकडी झाली.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. तोच अंगठा, तीच जागा. डॉक्टरांनी टाके घातले आणि बजावलं, आणखी एकदा इथंच कापलं तर शीर तुटेल, अंगठा वळायचा नाही. विणकराचा अंगठा गेला तर राहिलं काय? आणि जिल्हा संघाची निवड चाचणी दोन महिन्यांवर. निवड झाली तर तीन महिन्यांचं शिबिर आमच्याच क्लबात, म्हणजे रोज दिसणार. खोटं कशाला बोलू – मला तो रोज दिसायला हवा होता.

टाके काढल्यावर चार दिवस तो फिरकला न्हाय. मग मीच स्कूटी काढून वडगावला गेले. त्याचा चष्मा राहिलाय, असं निमित्त केलं. चष्मा क्लबचा होता.

त्याच्या आईनं, बाळाबाईंनी, चहा ठेवला. मंथन मागावर बसलेला. मला बघून गडबडला आणि धागा तुटला. त्यानं दोन टोकं चिमटीत धरली, डावा अंगठा मागून फिरवून उजव्यावर चढवला, एक हिसका दिला – गाठ तयार.

मी कप खाली ठेवला. पुन्हा गाठ मारून दाखवा म्हटलं. त्यानं मारली. तोच अंगठा, तीच जागा.

"सात वर्षांचा असल्यापास्नं मारतोय," बाळाबाई म्हणाल्या. "झोपेत बी मारंल."

आणि मी त्याला बहिरा म्हटलं होतं! त्याच्या हातांना घट्ट धरणं म्हणजे गाठ मारणं, एवढंच ठाऊक. मी माफी मागितली. ही गोष्ट मला जमत न्हाय, पण मागितली.

"माफी ऱ्हाऊ दे, उपाय सांगा," तो म्हणाला.

हाडात मुरलेली सवय ओरडून जात न्हाय, अंगठ्याला दुसरं काम द्यावं लागतं. मी पिस्तुलाच्या डाव्या अंगाला, स्लाइडच्या खाली, पुढच्या बाजूस खरखरीत चिकटपट्टी लावली. अंगठ्यानं आधी ती शोधायची, मगच बोट चापावर न्यायचं. सुरुवातीला त्याचा अंगठा मीच धरून तिथं ठेवायची.

"मॅडम, सापडत न्हाय."

"मागच्या खेपेला सापडलीती की."

"आज... हरवली."

लबाड. पण मी पुन्हा ठेवून द्यायची.

चाचणीच्या दिवशी रेंजची जबाबदारी माझ्याकडं होती. मंथन अप्रतिम खेळला. शेवटची गोळी राहिली. साधी बसली असती तरी निवड पक्की. आणि मला दिसलं – घामानं चिकटपट्टी सुटून लोंबतेय, आणि डावा अंगठा हळूहळू मागं फिरतोय. पकड चुकली म्हणून थांबवलं तर ती गोळी बाद, असा आमच्याकडं नियम. गप्प बसले असते तर कदाचित काही झालंही नसतं. तीन महिने रोज दिसला असता...

"थांब," मी ओरडले. थांबा न्हाय, थांब.

त्यानं पिस्तूल खाली ठेवलं. चार गुणांनी निवड हुकली.

मी शेडमागं जाऊन रडत होते. तो येऊन शेजारी उभा राहिला.

"माझ्यामुळं गेलं," मी म्हटलं.

"अंगठा ऱ्हायला की तुझ्यामुळं." मग खाली बघत म्हणाला, "वाईट एवढंच वाटतंय... शिबिर गेलं. आता रोज इकडं यायला घरात काय कारण सांगू?"

मी ओढणीनं नाक पुसलं. आत्ता न्हाय तर कधी?

"स्वरूपा हाय कारण, म्हणून सांग."

त्यानं माझ्याकडं बघितलं, खिशातनं फोन काढला, आणि माझ्यासमोरच आईला लावून जसंच्या तसं सांगितलं.