सुभेदारांच्या गाडीची मागची काच

उद्या पहाटे साताऱ्याला निघायचं, मल्हारने मागच्या सीटवर खिडकीजवळ बसायचं, पुसेगावला थांबून त्याला दोन केळी खायला घालायची आणि वडापावकडे त्याला बघूसुद्धा द्यायचं नाही, असं सगळं प्रांजलने ठरवून टाकलं होतं. पळायच्या आधी तळलेलं खाल्लं की पोटात गोळा येतो, हे तिने कुठेतरी ऐकलं होतं.

"पळणार मल्हार आन् घाम हिला फुटलाय," राजरत्न म्हणाला, आणि राणी खुदकन हसली.

तिघं पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसली होती. मल्हार मेंढरं घेऊन ओढ्याकडे गेला होता. मे महिना होता आणि माणच्या रानात हिरवं म्हणावं असं फक्त बाभळीवर उरलं होतं. प्रांजल सातारची. दर सुट्टीत ती दहिवडीजवळच्या या गावी आबांकडे, म्हणजे आजोबांकडे, यायची. तिची चुलतबहीण राणी आणि राणीच्या वर्गातला राजरत्न हे तिचे इथले सोबती. मल्हार त्यांच्यात आला तो गेल्या दिवाळीत. त्याला पळताना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा प्रांजल बोलायचीच थांबली होती. कळपातून फुटलेल्या मेंढीच्या मागे तो असा सुटला होता, की मेंढी दमली आणि हा नाही.

आबांनीही ते पाहिलं होतं. नानासो आबा फौजेतून सुभेदार होऊन आलेले. गावात त्यांचा शब्द चाले. साताऱ्याला सरकारी क्रीडा वसतिगृहासाठी पळणाऱ्या मुलांची निवड होणार आहे, हे त्यांनीच शोधून काढलं. मल्हारचे वडील मुंबईला गोदीत, आजोबा अर्धा कळप घेऊन घाटाखाली उतरलेले. घरी एकटी आजी, सुलाबाई. पोराला नेणार कोण? पहिली एसटी साताऱ्याला पोचेपर्यंत निवड सुरूसुद्धा झालेली असती. "माझ्या गाडीतनं नेतो," आबा म्हणाले होते. निवड चौदा वर्षांच्या आतल्या मुलांची होती आणि मल्हारला त्यासाठी हे एवढंच वर्ष उरलं होतं.

ऊन कलल्यावर तिघं घरी आली, तर अंगणात गाडी उभी होती आणि गाडीला मागची काच नव्हती.

त्या काचेवर पांढऱ्या अक्षरांत 'सुभेदार नानासो' असं लिहिलेलं होतं. त्यातलं 'नासो' तेवढं एका कडेला लोंबत होतं. ऊन लागू नये म्हणून आतून काळा कागद चिकटवला होता, त्याने धरून ठेवलेला चुरा कडेकडेने चकाकत होता. मधोमध भगदाड. आबा गाडीभोवती फिरत होते. राणीचे वडील, इंद्रजित काका, हात हलवून सांगत होते की ओढ्याच्या वळणावर ते गाडी घेऊन येत होते, मल्हार गोफण फिरवत होता आणि धोंडा थेट काचेवर आला.

"मुद्दाम मारला न्हाई म्हणत मी," काका म्हणाले. "पर पोरास्नी कुठं भान असतंय?"

आबांनी मल्हारला बोलावणं धाडलं. तो आला तो तसाच, गोफण खांद्यावर टाकून. अंगणात दोन-चार माणसं जमली होतीच. आबांनी विचारलं, धोंडा मारलास का. मल्हारने नाही म्हणून मान हलवली. गाडी वळणावरून गेलेली त्याने पाहिली होती, पण तो तेव्हा ओढ्याच्या पात्रात होता, आणि गोफण त्याने दिवसभरात फिरवलीच नव्हती.

"मग काच काय आपोआप फुटली?"

"मला न्हाई ठावं, आबा. पर म्या न्हाई मारला."

चूक कबूल केली असती तर मी विसरून गेलो असतो, असं आबा म्हणाले. खोटं बोलणाऱ्याला मात्र त्यांच्या गाडीत जागा नव्हती. उद्या साताऱ्याला गाडी जाणार होती, ती आता काच बसवायला. आबांचा आवाज चढला नव्हता. त्यांनी नुसतं तोंड फिरवलं आणि जमलेली माणसं पांगली. मल्हार थोडा वेळ तिथेच उभा राहिला. त्याच्या वतीने बोलावं असं त्यातल्या कुणाच्या मनात आलं असेल, तर ते कुणी बोललं नाही. प्रांजलही बोलली नाही. ही गोष्ट तिला नंतर पुष्कळ टोचली.

"काका खोटं कशाला बोलतील?" ती टाकीपाशी पोचल्यावर म्हणाली.

राणी जमिनीकडे बघत होती. राजरत्न म्हणाला, "कोण खोटं बोलतंय ते ऱ्हाऊ दे. काच वळणावर फुटली आसंल तर चुरा तिथंच पडला आसंल. चला, बघू."

अजून उजेड होता. वळणावर तिघांनी रस्त्याचा काठ न् काठ पाहिला. धुळीत मेंढरांचे खूर उमटले होते, एक बिडीचं थोटूक होतं, बाटलीचं बूच होतं. काचेचा एक कण नव्हता. एवढी मोठी काच फुटून तिचा चिमूटभर चुरा पडू नये? तिघं धावत परत आली. आबा जेवायला बसले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की वाऱ्याने गेला असेल, नाहीतर त्या पोरानेच गोळा करून टाकला असेल. मित्राची बाजू घेणं चांगलं, पण डोळे झाकून घेऊ नये. मग त्यांनी आमटी मागितली.

सकाळी गाडी निघाली तेव्हा प्रांजल मागच्या सीटवर खिडकीजवळ बसली होती. मी पण येते, असा हट्ट तिने धरला होता. का, ते तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. काका गाडी चालवत होते, आबा पुढे. मागच्या भगदाडाला प्लॅस्टिक चिकटवलं होतं, ते कोरेगावपर्यंत फडफडत राहिलं. पुसेगावला आबांनी गाडी थांबवली आणि तिला केळी घेऊन दिली. ती तिने तशीच मांडीवर ठेवली.

साताऱ्यात हायवेच्या पुलाजवळ काचा बसवणाऱ्याचं दुकान होतं. कारागिराने प्लॅस्टिक काढलं, डिकी उघडली आणि आतला चुरा झाडायला घेतला. प्रांजल अगदी जवळ जाऊन उभी राहिली. तिला धोंडा हवा होता. काच फोडून आत आलेला धोंडा जाणार कुठे? सीटखाली नव्हता, चटईखाली नव्हता, जादा चाकाच्या खोबणीतही नव्हता.

मग तिला काळा कागद दिसला. भगदाडाच्या कडेने तो फाटला होता आणि फाटलेल्या सगळ्या चिंध्या बाहेरच्या बाजूला वळल्या होत्या. तिने बोटाने हळूच एक चिंधी आत ढकलून पाहिली. ती परत बाहेर आली. बाहेरून धोंडा बसला असता तर कागद आत गेला असता. कशाने तरी काच आतून बाहेर ढकलली होती. आणि डिकीच्या दाराला, आतल्या अंगाला, निळा ओरखडा होता. गाडी तर पांढरी.

ती काकांकडे बघायचं टाळत आबांपाशी गेली आणि राणीशी बोलायचंय म्हणून त्यांचा मोबाइल मागून घेतला. पलीकडे राजरत्नही होता. तिने पाहिलं ते भराभर सांगितलं आणि विचारलं, निळ्या रंगाचं लांब असं काय काय आहे आपल्याकडे?

मग राणी म्हणाली, "बोरचे पाइप. पप्पांनी काल आणलेत. मोटरीच्या खोलीपाशी पडलेत."

"राणी, तू नको जाऊ हवं तर. राजरत्न बघेल."

"मीच जाते," राणी म्हणाली आणि फोन बंद झाला.

नवी काच बसायला वेळ लागला. जुन्या चिकटपट्टीचा काळा थर खरवडायचा, नवा लावायचा, काच टेकवून दाबून धरायची. मग चिकट वाळेपर्यंत गाडी हलवायची नाही, असं कारागिराने बजावलं. आबा खुर्चीवर बसून होते. वाऱ्याबरोबर कुठूनतरी शिट्टी ऐकू आली आणि मागोमाग पोरांचा गलका.

"आबा, मैदान इथून जवळच आहे ना?" प्रांजलने विचारलं.

आबांनी तिच्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे.

परत निघताना ते त्याच मैदानावरून आले. पोरं घोळक्याने बाहेर पडत होती, कुणाच्या गळ्यात टॉवेल, कुणाच्या हातात बूट. एक बाई आपल्या मुलाचं डोकं पदराने पुसत होती. काकांनी गाडी जरा जोरातच पुढे काढली.

घरी पोचले तेव्हा नवी काच बघायला शेजारपाजारची माणसं आली. भाऊसो सरपंचही होते. आबा खुशीत होते, पुन्हा तीच अक्षरं लिहून घेणार म्हणून सांगत होते. राणी आणि राजरत्न पायरीवर बसली होती. राणीच्या मांडीवर पत्र्याचा डबा होता. तिचे डोळे सुजले होते, पण तिने प्रांजलला मानेने खूण केली.

प्रांजल काकांपाशी गेली आणि अगदी भोळेपणाने विचारू लागली. काका, धोंडा लागला तेव्हा तुम्ही गाडी थांबवली होती का? काकांनी थांबवली होती. आणि काच लगेच गळून पडली?

"लगीच. सगळी तिथंच, वळणावर."

"वरची अक्षरंसुद्धा?"

"तीबी. सांगितलं की, सगळं तिथंच सांडलं."

राणी उठली. आबांसमोर जाऊन तिने डबा जमिनीवर उपडा केला. खळखळ करत काचेचा ढीग पडला. त्यात पांढरा 'सु' होता, 'भे' होता, अर्धा 'दा' होता, काचेचे कण पाठीला घेऊन.

"मोटरीच्या खोलीमागं सापडलं," राजरत्न म्हणाला. "वर बाभळीच्या काट्या टाकल्या व्हत्या."

"पाइप तिरका होता, पप्पा," राणी म्हणाली. तिचा आवाज फार लहान झाला होता. "त्याच्या टोकावर काच रुतलीय अजून. तुम्ही डिकी आपटलीत ना?"

प्रांजलने बाहेर वळलेला कागद आणि निळा ओरखडा सांगितला. ओरखडा तर अजून गाडीवर होताच. भाऊसोंनी वाकून बघितला.

काकांनी आधी हसून पाहिलं. मग त्यांचा चेहरा पडला. गाडीतून पाइप आणू नको, असं आबांनी दहादा बजावलं होतं. मोटरीच्या खोलीपाशी पाइप उतरवताना काच फुटली तेव्हा त्यांना आधी आबांचा राग आठवला. घरी येताना वाटेत मल्हारच्या खांद्यावरची गोफण दिसली होती, ती नंतर आठवली. "वाईट कराय नव्हतं मला," ते म्हणाले. "सुचलं ते बोलून गेलो."

आबा काकांना काय बोलले ते घरात जाऊन बोलले, दार लावून. बाहेर आले तेव्हा ते सावरले होते. तिन्ही पोरांना त्यांनी पुढे बोलावलं. भाऊसोंकडे वळून म्हणाले, "बघितलंत? माझ्या तपासात चूक झाली, ती या पोरांनी काढली. फौजेत आसती तर छातीवर पदक लावलं आसतं." भाऊसोंनी राजरत्नची पाठ थोपटली. कुणी राणीच्या धीराचं कौतुक केलं, कुणी म्हणालं सातारची पोरगी वकील होणार. पेढे आले. आबा मनापासून बोलत होते, त्यात खोटं काही नव्हतं. म्हणूनच प्रांजलला जास्त वाईट वाटलं.

"आबा, मल्हारकडे जाऊया ना," ती म्हणाली.

"जाऊ की. पोरगं गुणी हाय. फुडल्या साली मी सोता नेतो त्याला."

"पुढच्या वर्षी तो चौदा पूर्ण होईल, आबा."

आबांच्या हातात पेढा होता. तो त्यांनी ताटलीत परत ठेवला. थोडा वेळ ते नव्या काचेकडे बघत बसले. मग भाऊसोंनी पाण्याच्या टँकरचा विषय काढला आणि बोलणं तिकडे गेलं.

तिघंच निघाली. पेढे त्यांनी घेतले नाहीत. राणीला येऊ नको म्हटलं तरी ती आलीच. मेंढवाडा माळाच्या टोकाला होता. सुलाबाई कोकरांना पाणी दाखवत होती. त्या तिघांना बघून तिने हातातली बादली खाली ठेवली आणि त्यांच्याकडे पाठ केली.

मल्हार कुंपणाची काटी नीट करत होता. प्रांजलने एका दमात सगळं सांगितलं. काच कशी फुटली, चुरा कुठे सापडला, काका कसे अडकले. तिला वाटत होतं, तो आता हसेल. निदान शिवी तरी देईल. तो ऐकत होता आणि हाताने काम करत होता.

"सगळ्यांसमोर झालं," प्रांजल म्हणाली. "आता गावाला माहिती आहे, धोंडा तू मारला नाहीस."

मल्हारने वर पाहिलं.

"ते मला कालच ठावं व्हतं की," तो म्हणाला.

राणी रडायला लागली. मल्हारला तिचं काय करावं कळेना. त्याने गोठ्यातून पाण्याचा तांब्या आणून तिच्यापुढे ठेवला आणि परत कुंपणाकडे गेला. तेवढ्यात एक मेंढी फटीतून निसटून माळावर सुटली. प्रांजलला वाटलं, आता हा धावेल. मल्हारने नुसतं मेंढीकडे पाहिलं, कुत्र्याला हाक मारली, आणि चालत तिच्या मागे गेला.